नानांची बैठक: 1951 च्या शेव्हरोले पिकअपच्या सीटचं प्रकरण

वडोदऱ्यात आमचं गाड्यांच्या सीटा शिवायचं दुकान आहे. वडिलांनी सुरू केलं, गेली 14 वर्षं मी सांभाळते. रोजचं काम रिक्षा, शाळेच्या व्हॅन, टेम्पो असंच. हे एक काम सविस्तर लिहून ठेवावंसं वाटलं, कारण यात आम्ही एकदा चुकलो, बांधलेलं सगळं सोडवलं आणि पुन्हा केलं. त्यातून जे कळलं ते आमच्या धंद्यात तोंडी राहतं आणि कारागिराबरोबर निघून जातं. घराची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. गाडीचे आणि कामाचे बदललेले नाहीत.

पार्श्वभूमी

गाडी 1951 ची शेव्हरोले 3100, अर्धा टन माल नेणारी पिकअप. शेव्हरोलेने 1947 ते 1955 या काळात ‘ॲडव्हान्स डिझाइन’ नावाने ट्रक काढले, त्यांतली ही. साल ओळखायला एक सोपी खूण आहे. दाराच्या काचेपुढची छोटी तिकोनी फिरती काच 1951 मध्ये आली, आणि समोरची काच 1953 पर्यंत दोन तुकड्यांची होती. या गाडीत दोन्ही खुणा आहेत. शेव्हरोलेची मालक कंपनी जनरल मोटर्स 1928 पासून मुंबईत शिवडीला गाड्या जोडत असे. तो कारखाना 1954 मध्ये बंद झाला. ही गाडी तिथलीच, असं त्या घरात सांगतात.

नानांनी, म्हणजे मालकांच्या वडिलांनी, ती 1968 मध्ये जुनीच विकत घेतली. लाकडाच्या वखारीसाठी. तेव्हा ते 24 वर्षांचे होते. पुढची पंचवीसेक वर्षं सागाच्या फळ्या आणि दारांच्या चौकटी हिच्यातूनच गेल्या. मग टेम्पो आला आणि ही शेडमध्ये उभी राहिली. मालक स्वतः हालोलला जनरल मोटर्सच्या कारखान्यात सीटा बसवायच्या लाइनवर होते, 2017 मध्ये तो बंद होईपर्यंत. एकाच कंपनीचे दोन कारखाने या घराने असे दोन टोकांना पाहिले. 2023 च्या जानेवारीत लक्ष्मी विलास पॅलेसमध्ये ‘21 गन सॅल्यूट’चा जुन्या गाड्यांचा मेळा भरला, तो बघून आल्यावर त्यांनी पिकअप पुन्हा चालती करायला घेतली. इंजिन झालं, ब्रेक झाले, वायरिंग झालं.

मग ऑगस्ट 2024 आला. शेवटच्या आठवड्यात विश्वामित्री नदी 35 फुटांच्या वर गेली आणि वखारीत पाणी शिरलं. गाडी तीन दिवस पाण्यात होती, सीट पूर्ण बुडालेली. पाणी ओसरल्यावर घरच्यांनी सीट आठवडाभर उन्हात ठेवली. हाताला कोरडी लागली म्हणून एका दुकानातून वर फोम टाकून नवं कव्हर घालून घेतलं. होळीपर्यंत कव्हरवर तांबूस गोल डाग उमटले, केबिनमध्ये कोंदट वास बसला आणि ड्रायव्हरच्या बाजूला खड्डा पडला. मार्च 2025 मध्ये मालक आमच्याकडे आले.

घाई होती ती वेगळ्याच कारणाने. मे अखेरीला नानांचं सहस्रचंद्रदर्शन होतं. तुला, पूजा, सगळं ठरलेलं. नानांनी मुलाला एवढंच सांगितलं होतं, “त्या दिवशी शेवरलेट मी काढणार, शेडमधून अंगणात.” रस्त्यावर नाही, आवारातल्या आवारात, चाळीस पावलं. दोन वर्षांपूर्वी नानांच्या डाव्या खुब्याचं ऑपरेशन झालंय, आणि क्लच डाव्या पायाचा.

अडचण नेमकी कुठे होती

सीट दुकानात आणून उलटी केली आणि उसवायला घेतली. आमच्याकडे वडिलांच्या वेळचे कारागीर आहेत, त्यांना सगळे चाचा म्हणतात. ते कधीही कात्रीने कव्हर फाडत नाहीत. कव्हर चौकटीला धरून ठेवणारी एकेक कडी पकडीने उघडतात, म्हणजे जुनं कव्हर कापायचा नमुना म्हणून शाबूत राहतं.

वरचं तपकिरी कव्हर निघालं. खाली पांढरा फोम, कडेने पिवळा पडलेला. त्याखाली हिरवं रेक्झिन, शिवण अजून पक्की. त्याच्याही खाली काळं, भेगाळलेलं जुनं कापड, हात लावला की पापुद्रे सुटत होते. कुणीच आधीचं काढलं नव्हतं, प्रत्येकाने वरून घातलं होतं. सर्वांत खाली काथ्या आणि कापूस. तो कापूस मी कधी विसरणार नाही. त्यावर स्प्रिंगांची गोल गोल वेटोळी गंजाने छापली गेली होती, एखाद्या कापडावर ठसे उमटवावेत तशी. मुठीत धरून दाबला तर सात महिन्यांनंतरही ओल लागली. चाचा म्हणाले, “आ तो अंदरथी सडी गयुं छे.” गोणपाट हातात विरला. स्प्रिंगांच्या तळाशी पुराचा गाळ आणि लाकडाचा भुसा एकत्र थिजून विटेसारखा झाला होता. तो फोडताना त्यातून सुताराची चपटी पेन्सिल निघाली आणि ॲल्युमिनियमचं चौकोनी पाच पैशांचं नाणं. दोन्ही धुऊन मालकांना दिलं.

स्प्रिंगा बत्तीस. ड्रायव्हरच्या बाजूच्या नऊ तुटलेल्या किंवा गंजून अर्ध्या झालेल्या. मधल्या भागातल्या जवळजवळ सगळ्या धडधाकट, कारण मध्ये फारसं कुणी बसलंच नव्हतं. लोखंडी चौकटीला उजव्या कोपऱ्यात तडा.

इथपर्यंत हे नेहमीचंच काम. पण पाठीची गादी उघडली तर वास बुरशीचा नव्हता, पेट्रोलचा होता. या गाड्यांची पेट्रोलची टाकी 1949 पासून केबिनमध्ये आली, सीटच्या पाठीमागे उभी. टाकीच्या खालच्या जोडातून झिरपलेलं पेट्रोल पाठीचा कापूस शोषून घेत होता. त्या सीटला टेकून माणूस बसणार आणि किल्ली फिरवणार!

पहिला निर्णय: काम थांबवायचं का

मी त्याच दिवशी मालकांना फोन केला: टाकी उतरवून जोड दुरुस्त होत नाही तोवर आम्ही शिवण घालणार नाही. ते नाराज झाले. “सीट तुम्ही करा, टाकी मी समांतर बघतो,” म्हणाले. त्यांच्या हातात दोन महिने होते आणि पाहुण्यांना आमंत्रणं गेली होती.

मी ऐकलं नाही, आणि आजही ते बरोबरच वाटतं. रिकाम्या टाकीतही पेट्रोलची वाफ राहते, ती हवेपेक्षा जड असते, खाली साचते. आमच्या कामात चौकटीला वेल्डिंग लागतं, कव्हर ताणायला गरम हवेची गन लागते. शिवाय सीट चार वेळा गाडीत बसवून बघावी लागते. टाकी बाहेर निघाली, जोड नवा झाला, टाकीचं तोंड केबिनमधून जिथे बाहेर येतं तिथलं चिरलेलं रबर बदललं. नऊ दिवस गेले. तेवढ्यात आम्ही चौकटीचं वेल्डिंग शेजारच्या वर्कशॉपमध्ये, गाडीपासून लांब करून घेतलं, गंज तारेच्या ब्रशने घासला, रेड ऑक्साइड मारलं.

समोर असलेले पर्याय

सर्वांत सोपा म्हणजे स्प्रिंगा काढून टाकायच्या, प्लायवूड ठोकायचं आणि फोमची जाड लादी ठेवायची. दोन दिवसांचं काम, खर्च तिसरा हिस्सा. बहुतेक गिऱ्हाइकं हेच मागतात, आणि “40 डेन्सिटीचा टाका” असं सांगतात, जणू डेन्सिटी म्हणजे कडकपणा. तसं नाही. डेन्सिटी म्हणजे एका घनमीटरला किती किलो माल. 40 चा फोम मऊही मिळतो आणि कडकही. फोम किती वर्षं टिकेल ते डेन्सिटीवरून कळतं, बसायला कसा लागेल ते कळत नाही. आणि आमचा मोठा आक्षेप उष्म्याचा होता. बंद केबिन, वडोदऱ्याचा मे, खाली प्लायवूड: अशा लादीला श्वास घ्यायला जागा नसते. स्प्रिंगांच्या सीटमधून हवा खेळते.

दुसरा पर्याय अमेरिकेतून तयार संच मागवायचा. या गाड्यांचे सीटचे नवे सांगाडे, गाद्या, कव्हरं तिथे अजून बनतात. मालकांचा कल इकडे होता. पुढेमागे मेळ्यात गाडी उतरवायची तर मूळच्या बरहुकूम हवी. पण बोट, कस्टम आणि आमची तारीख यांचा मेळ बसेना.

तिसरा, आहे ती सीट वाचवायची. बत्तीसपैकी तेवीस स्प्रिंगा वापरण्याजोग्या होत्या, नऊ नव्या घालायच्या, वर गोणपाट, रबराचा काथ्या, त्यावर पातळ फोम आणि कापूस.

तिसरं ठरलं. पण त्या बैठकीत एक गोष्ट मी विचारायला हवी होती ती विचारली नाही: ही सीट मेळ्यातल्या परीक्षकासाठी करायची की नानांसाठी? मालक मूळ रूपाबद्दल बोलत होते, मी स्प्रिंगांबद्दल. नाना घरी होते.

काम

नऊ स्प्रिंगा बाजारातून आणल्या, त्याच व्यासाच्या, तेवढ्याच वेढ्यांच्या. सगळ्या सुतळीने एकमेकींना उभ्या, आडव्या आणि तिरप्या बांधल्या. वर गोणपाट ताणून शिवला, नाहीतर काथ्या स्प्रिंगांत उतरतो. चाचांनी यात अडीच दिवस घालवले.

कव्हरला तपकिरी रेक्झिन घेतलं. आपण सरसकट रेक्झिन म्हणतो ते आज पीव्हीसीचं असतं. मूळचं रेक्झिन ब्रिटिश, कापडावर नायट्रोसेल्युलोजचा लेप दिलेलं, आणि ते भडकन पेट घेतं. खालचं भेगाळलेलं काळं कापड कदाचित त्याच जातीचं असेल म्हणून चाचांनी ते आधी दुकानाबाहेर नेऊन ठेवलं, मगच गन हातात घेतली.

मधल्या भागाला दोन-दोन इंचांच्या उभ्या पट्ट्या. पट्टीखाली 10 मिलिमीटर फोम ठेवून शिवली की प्रत्येक शिवण कापड थोडं खाते. पट्ट्या पंचवीस, म्हणजे एकूण अडीच-तीन इंच जातात. हे आधी धरलं नाही तर कव्हर चौकटीला पुरत नाही. टाका मी चार मिलिमीटरचा ठेवला. बारीक टाका दिसायला देखणा, पण रेक्झिनला इतकी भोकं पडतात की ताण आला की पोस्टाच्या तिकिटासारखं त्या ओळीतून फाटतं. दोरा पॉलिएस्टरचा. सुती दोरा उन्हाने कुजतो, कापड शाबूत आणि शिवण उघडी असं होतं.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात सीट तयार झाली.

पहिली चाचणी, आणि चूक

सीट किती उंच करायची याला आमच्याकडे एक माप होतं, आणि त्याचा मला फार आनंद झाला होता. ड्रायव्हरच्या दाराच्या खिडकीच्या काठावर चार बोटं रुंद असा पट्टा आहे, तिथे रंग पूर्ण उडून लोखंड गुळगुळीत झालंय. पंचवीस वर्षं नानांचं उजवं कोपर तिथे टेकलं होतं. मी मालकांना म्हणाले, नाना बसल्यावर कोपर बरोबर इथे आलं की उंची जमली.

नानांना धरून बसवलं. कोपर पट्ट्यावर आलं, अगदी नेमकं. सगळ्यांनी मोबाइल काढले. नाना मात्र गप्प होते. त्यांनी डावा पाय क्लचवर ठेवला, दाबला, आणि क्लच अर्ध्यावरच राहिला. टाच हवेत. खुब्यातून जोर लावायला गेले तेव्हा चेहरा आवळला. म्हणाले, “सीट छान आहे गं. पण ही माझी नाही. मी हिच्यावर बसलोय, हिच्यात नाही.”

मालकांनी गाडीबाहेरूनच विचारलं, “उंची तुम्ही कशी मोजली? रिकामी?” रिकामीच मोजली होती. ते सांगू लागले, कारखान्यात रिकाम्या सीटच्या मापाला कुणी विचारत नाही. सीटवर वजन भरलेला माणसाचा साचा बसवतात आणि त्याच्या खुब्याचा सांधा कुठे येतो तो बिंदू मोजतात. गाडीतलं बाकी सगळं, स्टिअरिंग, पेडल, छत, त्या बिंदूपासून धरलेलं असतं.

त्या रात्री मला दोन गोष्टी कळल्या. एक स्प्रिंगांची. जुनी तार 3.6 मिलिमीटरची, आम्ही आणलेली 4 ची. फरक नखाएवढाही नाही. पण स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणजे नवी स्प्रिंग जवळजवळ दीडपट कडक. आणि नवी नऊच्या नऊ नेमकी ड्रायव्हरच्या बाजूला. जुनी सीट नानांच्या वजनाने जेवढी दबायची त्यापेक्षा ही बरीच कमी दबत होती.

दुसरी गोष्ट कोपराची, आणि ती मला जास्त लागली. माणूस म्हातारा होतो तसे मणके दबतात, धड आखूड होतं. पाय तेवढेच राहतात. खिडकीवरचा पट्टा चाळिशीतल्या नानांच्या धडाचं माप होता. एक्क्याऐंशीच्या नानांचं कोपर तिथे पोचवण्यासाठी सीट जेवढी उंच हवी, तेवढ्या उंचीवर त्यांची टाच जमिनीला लागत नाही. कोपर आणि टाच, दोन्ही एकदम जमणार नव्हतं.

दुसरा निर्णय: कुठलं माप धरायचं

मालकांना कोपर हवं होतं. मूळ उंची, जुन्या फोटोत दिसते तशी. त्यांचं म्हणणं होतं की आज नानांसाठी सीट खाली घेतली तर मूळची उंची जाते आणि पुढे मेळ्यात प्रश्न येतो. नानांसाठी एक दिवस पेडलला लाकडी ठोकळा लावू.

मी ठोकळ्याला नको म्हटलं. निसटता ठोकळा आणि ऑपरेशन झालेला खुबा, नको. चाचांनी मार्ग सुचवला: मधल्या धडधाकट जुन्या स्प्रिंगा ड्रायव्हरकडे आणायच्या, कडक नव्या मध्ये न्यायच्या. सीट रिकामी असताना मूळच्याच उंचीवर दिसेल, आणि नाना बसले की खाली जाईल. मालकांना हे पटलं. म्हणजे खरं तर सीट मूळच्यासारखी होणार होती, कारण सत्तर वर्षांपूर्वी ती अशीच दबत होती. फसवत होते ते आमचं रिकामं माप आणि तो पट्टा.

पट्ट्या उसवाव्या लागल्या नाहीत, कव्हर कड्यांवर होतं. पण गोणपाट, सुतळी, काथ्या सगळं सोडवून पुन्हा बांधलं. या वेळी बांधताना वजन ठेवून बघितलं. नानांचं वजन 62 किलो. बसल्यावर पायांचा भार जमिनीवर जातो, म्हणून सीटवर 46 किलो रेतीच्या पिशव्या ठेवल्या, बसकणीच्या जागी, आणि पुढच्या काठापासून किती दबतं ते दर थरानंतर वहीत लिहिलं. सीट आता आधीपेक्षा बरीच जास्त दबत होती. नानांच्या मांडीखाली पुढचा काठ टोचू नये म्हणून तिथला काथ्या काढून मऊ फोम घातला. हे मूळ रचनेत नाही, आणि मालकांनी एवढं एक चालवून घेतलं.

निकाल

दुसऱ्या चाचणीला टाच जमिनीला टेकली आणि क्लच तळापर्यंत गेला. कोपर पट्ट्याच्या दीड इंच खाली राहिलं. नानांनी ते पाहिलं, हाताने पट्टा चाचपला आणि काही बोलले नाहीत.

सहस्रचंद्रदर्शनाच्या दिवशी सकाळी साडेसातला, ऊन चढायच्या आत, त्यांनी गाडी काढली. शेजारी मुलगा हँडब्रेकवर हात ठेवून, मध्ये नात. तिघं एका सीटवर, ही गाडी मुळात तिघांसाठीच होती. पहिला गिअर, चाळीस पावलं, आणि ब्रेक. घरच्या सूनबाईंनी सीटला पांढरी सुती खोळ शिवली होती, कारण उन्हात रेक्झिन चटका देतं. ती खोळ आमच्या सगळ्या कामाच्या वर होती, आणि ते योग्यच होतं.

बिल ठरलेल्यापेक्षा वाढलं नाही. दुसऱ्यांदा बांधायची मजुरी आम्ही लावली नाही, चूक आमची होती. पावसाळ्यानंतर सीट पुन्हा तपासली. वास नाही, डाग नाही. मधल्या भागात कडक स्प्रिंगांमुळे एक पट्टी वर उचललेली दिसते, तिथल्या दोन स्प्रिंगा बदलायच्या राहिल्यात.

पुन्हा असं काम आलं तर

पुरात बुडालेली सीट आली की पहिल्या दिवशी पूर्ण उघडायची, वरून कितीही कोरडी लागली तरी. कापूस आतून सुकत नाही. काथ्या धुऊन वापरता येतो. कापूस आणि गोणपाट फेकायचे.

स्प्रिंग विकत घेताना व्यास आणि वेढे मोजून भागत नाही, तारेची जाडी कॅलिपरने मोजायची. आता तो कॅलिपर आमच्या गल्ल्याशेजारी टांगलेला असतो.

आणि बसणाऱ्या माणसाला आधी बोलवायचं. कव्हर कापायच्या आधी, नुसत्या बांधलेल्या स्प्रिंगांवर गोणपाट टाकून त्याला बसवायचं आणि टाच बघायची. नानांना एप्रिलऐवजी मार्चमध्येच दुकानात आणलं असतं तर अडीच दिवसांचं बांधकाम सोडवावं लागलं नसतं. तेव्हा मी म्हातारा माणूस, कशाला त्रास द्यायचा, असा विचार केला होता. परवा मालक सांगत होते, नाना अजून रोज संध्याकाळी शेडमध्ये जाऊन अर्धा तास त्या सीटवर बसतात, दार उघडं ठेवून. खिडकीचा काठ रंगवायचा राहिलाय. रंगारी आला होता, नानांनी परत पाठवला.